बिनचिठ्ठीचा दवाखाना

रंगनाथभाऊंकडे येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नसे. त्याच्याकडे प्लास्टिकची पिशवी असायची. पिशवीत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि घडी घालून घालून फाटायला आलेला डॉक्टरांचा कागद. गंगापूर रोडवर आमदार हर्षालीताईंचं संपर्क कार्यालय आहे. जिना चढून आत शिरलं की डावीकडचं पहिलं टेबल भाऊंचं. रस्ता, वीज, बदली, दाखला यांसाठी आतल्या खोलीत जायचं आणि आजारपणासाठी डावीकडे वळायचं. भाऊ पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावायचे, एकदा वरून खाली बघायचे आणि विचारायचे, "पाय किती दिसांपासून काळा पडलाय?" समोरचा चाट पडायचा, कारण पायाचं त्याने अजून सांगितलेलंच नसायचं.

हे त्यांना सायखेड्याने शिकवलं. तिथल्या एका डॉक्टरांकडे ते अठराव्या वर्षी कंपाउंडर म्हणून लागले. त्या काळी लाल औषधाच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवून द्यायचे. एका खाचेएवढं सकाळी, एका खाचेएवढं संध्याकाळी. भाऊंनी पट्ट्या कापण्यापासून सुरुवात केली आणि सव्वीस वर्षांत गोदाकाठच्या दहा गावांतल्या माणसांचे दमे, मूळव्याधी आणि बाळंतपणं त्यांना तोंडपाठ झाली. डॉक्टर म्हातारे होऊन मुलीकडे पुण्याला गेले. दवाखान्याला कुलूप लागलं. पुढे हर्षालीताई पहिल्यांदा निवडणुकीला उभ्या राहिल्या. त्या वकील, शहरात वाढलेल्या. खेड्यांत फिरायला त्यांनी भाऊंना बरोबर घेतलं आणि असं दिसू लागलं, की लोक उमेदवाराला नमस्कार करून भाऊंशीच बोलत बसतात.

निवडून आल्यावर ताई म्हणाल्या, "भाऊ, लोक माझ्याकडे रस्ता मागायला कमी येतात, दवाखाना मागायला जास्त. ते टेबल तुम्ही सांभाळा."

भाऊंनी ते दहा वर्षं सांभाळलं. सायखेड्याहून सकाळच्या एसटीने यायचे, संध्याकाळच्या एसटीने जायचे. कामाचा गाभा म्हणजे एक पत्र. 'सदर रुग्णास प्राधान्याने दाखल करून घ्यावे, ही विनंती.' खाली ताईंची सही. लोक त्याला ताईंची चिठ्ठी म्हणत. चिठ्ठीने पलंग मिळायचा, तारीख लवकरची मिळायची, बाहेरून आणायला सांगितलेलं औषध एकाएकी आतच सापडायचं. चिठ्ठीपाठोपाठ भाऊंचा फोन जायचा. ताई तिसऱ्यांदा निवडून आल्या, तेव्हा कार्यकर्त्यांनी मिरवणुकीत भाऊंनाही जीपवर चढवलं. भाऊ लाजले, पण उतरले नाहीत. आपण चांगलं काम करतो याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, दुपारी बाराच्या सुमारास, हनीफ नावाचा माणूस जिना चढून आला. नांदगावात तो कूलर आणि पंखे दुरुस्त करतो. त्याची बायको माजिदा शिवणकामाचे वर्ग चालवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागतं, म्हणजे मशीनवर चार तास झोपून रक्त धुऊन घ्यायचं. नांदगावजवळच्या केंद्रांत जागा नव्हती, म्हणून नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात तिचं नाव प्रतीक्षायादीत लावलेलं.

"चिठ्ठी पाहिजे होती भाऊ," हनीफ म्हणाला.

"यादीत कितवा नंबर हाय?"

"एक."

"एक नंबरला चिठ्ठी कशाला लागती?"

"तेच तर. दीड महिन्यापूर्वी पण एकच होता. जागा झाली असं कळलं. मी फोन हातात घेऊन बसलो, फोनच नाही आला. गेलो तर सिस्टर म्हणाल्या, ती जागा वरून भरली. गंगापूर रोडची चिठ्ठी होती म्हणे. म्हटलं, आपल्याला हे माहीतच नव्हतं. आपण पण एक घेऊन येऊ."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखाद्या खिडकीवर मिळणारा फॉर्म आपण भरायचा राहिला, इतक्या साधेपणाने तो बोलत होता. भाऊंनी तारीख विचारली. तारीख ऐकली आणि त्यांना सगळं आठवलं. ताईंचा शहरातला कार्यकर्ता मयूर, त्याचे सासरे पुंजा आप्पा. मयूर हातात पेढे घेऊनच आला होता. भाऊंनी चिठ्ठी लिहिली, वर दोन फोनही केले.

"बाई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"काल आयसीयूतून बाहेर काढलं. प्रायव्हेटमध्ये आठवड्याला तीनदा झेपेना, म्हणून दोनदा केलं. मग एकदा. छातीत पाणी भरलं."

डायलिसिसची जागा कशी रिकामी होते हे भाऊंना माहीत होतं. मशीनवरचा माणूस बरा होऊन घरी जात नाही. फार थोड्यांना दुसऱ्याची किडनी मिळते. बाकी जागा होते ती कुणीतरी गेल्यावरच. एक गेल्यावर एक जागा. ती एकाला दिली की दुसऱ्याची गेली. हे गणित इतकं सोपं होतं, की दहा वर्षांत आपण ते एकदाही मांडलं नाही याचीच त्यांना लाज वाटली.

त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही. चपला घातल्या आणि माजिदाला ठेवलं होतं त्या दवाखान्यात हनीफबरोबर गेले.

माजिदा खिडकीशेजारच्या पलंगावर होती. चेहरा सुजलेला, ओढणी कानामागे खोचलेली, आवाज बारीक पण स्वच्छ. भाऊ उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, ती चिठ्ठी मी लिहिली व्हती. तुमची जागा माझ्यामुळं गेली."

हनीफ स्टुलावरून उठला. त्याने भाऊंकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि खिडकीकडे तोंड केलं.

माजिदा उशीला टेकून बसली. मग म्हणाली, "त्या माणसाला गरज होती का?"

"व्हती. त्याचं पण तुमच्यासारखंच."

"मग त्याला उठवून मला बसवू नका. त्या सरकारी केंद्रात मशीन किती आहेत?"

"पाच. एक बंद हाय."

"का बंद आहे?"

"ते कधी विचारलं नाय."

"ते विचारा की," माजिदा म्हणाली. "चिठ्ठीत ते लिहा."

दुसऱ्या दिवशी भाऊ डायलिसिस केंद्रात गेले आणि तिथल्या तंत्रज्ञाच्या शेजारी बसून त्यांनी सगळं विचारून घेतलं. पाचवं मशीन आठ महिने बंद होतं. एक पंप बदलायचा होता, त्याची मागणी वर गेली होती आणि वरून आली नव्हती. दिवसाला दोन पाळ्या चालायच्या. तिसरी चालवायला आणखी एक तंत्रज्ञ लागतो, ते पद वर्षभर रिकामं. चार मशीन, दोन पाळ्या, एक दिवसाआड येणारे दोन गट, म्हणजे सोळा रुग्ण. पाचवं मशीन चाललं आणि तिसरी पाळी लागली तर तीस. आणि यादीत वाट बघणारे किती? तेरा.

भाऊ त्या तेरा नावांकडे बघत राहिले. यादीच उरत नव्हती. एक पंप आणि एक माणूस यांच्यामुळे तेरा घरं नंबर मोजत होती, आणि ते नंबर मागेपुढे करण्याला आपण दहा वर्षं सेवा म्हणत होतो.

रविवारी कार्यालय बंद असतं. भाऊंनी किल्ली मागून घेतली आणि मागच्या वर्षभरातल्या चिठ्ठ्यांच्या प्रती फरशीवर पसरल्या. चारशे बारा होत्या. प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन ते स्वतःला एकच प्रश्न विचारत होते. हे या माणसाला चिठ्ठीशिवाय मिळायला हवं होतं का? कुत्रा चावल्याची लस. बाळंतिणीला रक्त. सोनोग्राफीची तारीख. मोडलेल्या हाताचं ऑपरेशन. संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर कागद एकाच गठ्ठ्यात गेले. त्या सगळ्या गोष्टी सरकारने आधीच द्यायच्या ठरवलेल्या होत्या. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तसं लिहिलेलंही असतं. चिठ्ठी फक्त भिंतीवरचं खरं करून दाखवत होती, आणि तेही एकेकालाच.

सोमवारी ते गठ्ठा घेऊन ताईंच्या खोलीत गेले.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बोलताय ते चूक नाही. पण या चिठ्ठ्यांवर मी निवडून येते. उद्या चिठ्ठी बंद केली तर लोक दुसऱ्या आमदाराकडे जातील आणि तो देईल. आणि ती बाई नांदगावची. नांदगाव माझ्या मतदारसंघातही नाही."

"म्हणूनच ती मागं राहिली ना ताई," भाऊ म्हणाले.

ताईंना ते लागलं. त्यांनी गठ्ठा भाऊंकडे परत सरकवला.

त्याच आठवड्यात मयूर आला. मित्राच्या आईचं हाडाचं ऑपरेशन, तारीख दोन महिन्यांनंतरची, ती पुढच्या आठवड्यात हवी. भाऊंनी विचारलं, "आता तिची तारीख अलीकडं आणली तर कोनाची पलीकडं जाईल?" मयूर हसला. त्याला वाटलं भाऊ गंमत करताहेत. भाऊंनी चिठ्ठी दिली नाही तेव्हा तो आतल्या खोलीत गेला आणि मोठ्याने बोलला. अशी आणखी तीन-चार माणसं परत गेल्यावर ताईंनी भाऊंना बोलावून घेतलं.

"तुम्ही थोडे दिवस घरी आराम करा," त्या म्हणाल्या. "इथे दुसरं कुणीतरी बसेल."

भाऊ सायखेड्याला गेले. त्यांना वाटलं होतं बायको चिडेल. भागुबाई वाल निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं लोकांला रांगेतून म्होरं काढलं. मागं कोन गेलं ते आता दिसलं. दिसलं ना? मंग घरी बसून काय करताय? त्या मशीनचं बघा."

"माझ्या हातात आता चिठ्ठी नाय."

"पेन तर हाय ना?"

भाऊंचं अक्षर सुंदर होतं. त्यांनी माहिती अधिकारात दोन अर्ज लिहिले, एक पंपासाठी आणि एक रिकाम्या पदासाठी. मग यादीतल्या तेरा घरांना फोन लावले. कुणी इगतपुरीकडचं, कुणी येवल्याचं, एक कॉलेजमधली मुलगी सातपूरची. हनीफ सुरुवातीला भाऊंशी फोनवर फक्त कामापुरतं बोलायचा. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "भाऊ, माजिदा विचारते, अर्जाचं उत्तर आलं का." त्यानंतर तो रोज फोन करू लागला.

उत्तर महिन्याने आलं. पंपाची मागणी तीनदा गेली होती, तिन्ही वेळा वेगवेगळ्या कार्यालयांतून 'अभिप्रायासह परत' आली होती. पद भरण्याचा प्रस्ताव 'विचाराधीन' होता. भाऊंनी दोन्ही उत्तरांच्या तेरा-तेरा प्रती काढल्या.

मग एका मंगळवारी गंगापूर रोडच्या त्या जिन्यावरून एकवीस माणसं वर गेली. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. माजिदाला हनीफने हाताला धरून आणलं होतं. भाऊ मुद्दाम खालीच थांबले. ताईंनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि सवयीने पत्राचा कागद पुढे ओढला.

"चिठ्ठी नको ताई," माजिदा म्हणाली. "आम्ही तेरा जण आहोत. तेरा चिठ्ठ्या दिल्यात तरी जागा एकही वाढणार नाही. तुम्ही एकदा तिथे येऊन बसा. बस, एवढंच."

"मी गुरुवारी अधिकाऱ्यांना भेटते."

"अधिकाऱ्यांकडे नको. आमच्यात बसा."

गुरुवारी ताई खरंच केंद्रात आल्या. गाडी बाहेरच थांबवली, बरोबर फक्त भाऊ. त्या आल्याचं कळताच एक कर्मचारी धावत आला आणि साहेबांच्या केबिनमध्ये चहा ठेवल्याचं सांगू लागला. ताई त्या दिशेने वळल्या. भाऊ म्हणाले, "ताई, हितंच बसा." ताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि बाकावर बसल्या.

त्या तीन तास बसल्या. पंखा फिरत होता, पण वारा खाली पोहोचत नव्हता. येवल्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं नाही आणि आपला डबा पुढे केला. सातपूरच्या मुलीने परीक्षेची तारीख सांगितली आणि तोवर नंबर लागेल का असं विचारलं. पाळी संपल्यावर तंत्रज्ञ बाहेर आला. तो तरुण होता, दमलेला होता, आणि बहुतेक त्यामुळेच निर्भीड होता. म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. जागा झाली की तुमची चिठ्ठी येते, तशी इतरांचीही येते. मागच्या वेळी एका जागेला सहा चिठ्ठ्या आल्या. आता आम्ही चिठ्ठ्यांचीही रांग लावतो."

परतताना ताईंनी भाऊंना आपल्या गाडीत घेतलं. कॉलेज रोडच्या सिग्नलला म्हणाल्या, "भाऊ, उद्यापासून या. पंपाचं मी बघते. पण तुम्ही चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत, ठराव लिहायचा."

विधानसभेत शुक्रवारी दुपारी अशासकीय कामकाज असतं. मंत्री नसलेला कुणीही आमदार त्या वेळी स्वतःचा ठराव मांडू शकतो, मात्र सोडतीत नाव निघावं लागतं. ताईंनी नाव दिलं. त्यानंतर तीन आठवडे रोज दुपारी त्या आणि भाऊ समोरासमोर बसत. ठराव साधा होता. राज्यातल्या प्रत्येक माणसाला, कार्ड, उत्पन्न, ओळख काहीही न विचारता, सार्वजनिक दवाखान्यात पूर्ण उपचार मिळावेत आणि तो त्याचा कायदेशीर हक्क असावा.

'प्रत्येक' या शब्दावर ताई अडल्या. "गरिबांपुरतं म्हणू या ना. बंगलेवाल्याला फुकट कशाला? सभागृहात पहिला प्रश्न हाच येईल."

भाऊंनी टेबलावरचा चष्मा उचलून घातला, जणू काही वाचायचंच आहे. "ताई, आमच्या दवाखान्याशेजारी टीबीच्या गोळ्या मिळायच्या. सरकारी. बागायतदाराला तीच गोळी, सालदाराला तीच गोळी. कोनी कार्ड नाय विचारलं. एकदा गोळ्या संपल्या. सालदार दोनदा येऊन परत गेला, गप्प बसला. बागायतदार आला, त्यानं तिथूनच जिल्ह्याला फोन लावला. चौथ्या दिवशी गोळ्या हजर. सालदाराला पण मिळाल्या. बागायतदार जर त्या रांगेत नसता, तर फोन कोनी केला असता?"

ताईंनी 'प्रत्येक' तसाच ठेवला.

जुलैच्या अधिवेशनात सोडतीत ताईंचं नाव निघालं. भाऊ पहिल्यांदाच विधान भवनात गेले. प्रेक्षक गॅलरीत मोबाईल नेऊ देत नाहीत, पेनही दारातच काढून घेतलं. खाली बघितलं तर बहुतेक बाकं रिकामी. शुक्रवारी दुपारी आमदार आपापल्या गावाकडे निघालेले असतात. ताई उभ्या राहिल्या तेव्हा समोर चाळीसेक माणसं असतील.  

"अध्यक्ष महोदय, माझ्या कार्यालयातून गेल्या वर्षी आजारी माणसांसाठी चारशे बारा चिठ्ठ्या गेल्या. या सभागृहातल्या प्रत्येकाच्या कार्यालयातून जातात. आपण त्याला जनसेवा म्हणतो, मीही म्हणायचे. पण ज्याच्यासाठी आपण चिठ्ठी देतो तो पुढे जातो, तेव्हा ज्याची आमदाराशी ओळख नाही असा एक माणूस मागे जातो. तो आपल्या दारात येत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. माझ्या एका चिठ्ठीने एक बाई आयसीयूत गेली. तिचं नाव मी इथे घेणार नाही. ती माझी मतदार नाही. पण ती माझी चूक आहे."

सभागृहात कुजबुज झाली. एक ज्येष्ठ सदस्य बसूनच म्हणाले, "योजना आहेत की! विम्याचं कार्ड आहे की सगळ्यांकडे!"

"आहे ना," ताई त्यांच्याकडे वळल्या. "कार्ड माणसाच्या खिशात आहे. डॉक्टर कुठे आहे? विंचू चावलेलं लेकरू आईने प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं आणि दाराला कुलूप असलं, तर ती कार्ड कुणाला दाखवणार? कार्डाने मोठ्या दवाखान्याचं मोठं ऑपरेशन होतं. पण रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळाली असती तर त्या ऑपरेशनची पाळीच आली नसती. विमा म्हणजे छत्री आहे, अध्यक्ष महोदय. मी घर मागते आहे."

"पैसा कुठून आणणार?" दुसऱ्या बाजूने आवाज आला.

"पैसा आजही जातोच आहे. आजारी माणूस एकटा भरतो आहे, दागिने मोडून, मुलीचं शिक्षण सोडवून. मी फक्त एवढंच विचारते, की आजारी पडल्यावर एकट्याने भरायचं, की धडधाकट असताना सगळ्यांनी मिळून? गावात आग लागली तर बंब घराचं उत्पन्न विचारून येतो का? पोलिओचा डोस देताना बाळाच्या बापाचं कार्ड तपासतो का आपण? त्या दोन थेंबांत बंगला आणि झोपडी वेगळी केली नाही, म्हणून तो आजार हटला. जे थेंबाला जमलं ते इंजेक्शनला, सोनोग्राफीला, डायलिसिसला का जमू नये? आणि ज्या रांगेत आमदाराच्या आईलाही बसावं लागेल, त्या खोलीतला पंखा आठ दिवसही बंद राहणार नाही, हे मी लिहून देते."

त्या अठरा मिनिटं बोलल्या. भाऊंना ती सगळी वाक्यं ओळखीची होती आणि तरी ती नव्यानेच ऐकू येत होती.

मंत्र्यांनी उत्तर दिलं. सदस्यांच्या भावनांचा आदर आहे, शासन सकारात्मक आहे, समिती नेमण्याचा विचार करू, तरी सन्माननीय सदस्यांनी ठराव मागे घ्यावा. ही तिथली रीतच. मंत्री विनंती करतात, सदस्य आभार मानून ठराव मागे घेतात आणि सगळे घरी जातात. ताईंच्या पक्षाच्या नेत्यांनी हाताने खूण केली, घे मागे.

"मी ठराव मागे घेत नाही," ताई म्हणाल्या. "मताला टाका. हरेल, मला माहीत आहे. पण नाही कोण म्हणालं ते कामकाजात लिहिलं गेलं पाहिजे."

आवाजी मतदान झालं. 'होय' म्हणणारे थोडे होते. 'नाही' मोठ्याने आलं. ताईंनी उभं राहून प्रत्यक्ष मतमोजणी मागितली. सदस्य एकेक करून जागी उभे राहिले, नाव सांगून मोजले गेले, आणि ठराव नऊ विरुद्ध एकतीस असा फेटाळला गेला.

खाली आवारात भाऊ वाट बघत होते. त्यांना वाटलं ताई खचलेल्या असतील. ताई पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "नऊ, भाऊ. मला चार वाटले होते."

पुढे जे झालं ते एकदम झालं नाही. पंप ऑगस्टमध्ये आला. मंत्र्यांच्या उत्तराच्या प्रती घेऊन भाऊ, हनीफ आणि सातपूरची मुलगी यांनी पदाच्या प्रस्तावाचा माग काढला, टेबलामागून टेबल. ऑक्टोबरमध्ये तंत्रज्ञ रुजू झाला आणि तिसरी पाळी सुरू झाली. मधल्या काळात यादीतला इगतपुरीचा माणूस वारला. भाऊ त्याच्या दहाव्याला गेले. बाकी बारा जणांना जागा मिळाली. माजिदाला सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. शेजारच्या खुर्चीवर पुंजा आप्पा असतात, ज्यांच्यासाठी ती चिठ्ठी गेली होती. त्यांना हे कुणीतरी सांगितलं तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी बोललेच नाहीत, शरमेने. तिसऱ्या खेपेला, मशीनवर घेण्याआधी सगळ्यांचं वजन करतात तेव्हा, माजिदानेच त्यांना विचारलं, "आप्पा, आज वजन किती भरलं?" नांदगावात तिने शिवणाचा वर्ग पुन्हा सुरू केला आहे, आठवड्यातून दोन दिवस.

केंद्राच्या दारावर आता प्रतीक्षायादी लावलेली असते. रुग्णांनीच आग्रह धरला. मागेपुढे झालं तर सगळ्यांना दिसतं.

गंगापूर रोडच्या कार्यालयात डावीकडच्या टेबलावर अजूनही गर्दी असते. भाऊ कागद लावतात, कुठे जायचं ते सांगतात, लागलंच तर बरोबर जातात. पत्रही लिहितात, पण वेगळं. अमुक केंद्रात अमुक औषध अमुक तारखेपासून नाही, ते सगळ्यांसाठी कधी येईल ते कळवावे. काही लोक नाराज होऊन दुसऱ्या आमदाराकडे गेले. मयूरने वर्षभर धुसफूस केली. निवडणूक अजून लांब आहे आणि ताई हरतीलही. हे त्या स्वतःच बोलून दाखवतात.

डिसेंबरच्या अधिवेशनात सोडतीत नाव निघालं नाही. मार्चमध्येही नाही. दर वेळी त्या नाव देतात. भाऊंचं वय आता अठ्ठावन्न. ते शनिवार-रविवार गावोगाव फिरून ग्रामसभांमध्ये हाच ठराव मंजूर करून घेताहेत. कुठे चार माणसं असतात, कुठे चारशे. आतापर्यंत एकेचाळीस गावं झाली. बेचाळिसावं त्यांचं स्वतःचं सायखेडा होतं. ग्रामसभेत त्यांचे थोरले भाऊ धोंडीराम पुढच्याच रांगेत बसले होते. त्यांनी विचारलं, "रंगनाथ, हे मुंबईत पास व्हनार हाय का?"

"आत्ताच नाय व्हनार."

"मंग आमी हात कशाला वर करायचा?"

"मागच्या टायमाला नऊ व्हते," भाऊ म्हणाले. "ते नऊ कोन ते मला म्हाईत हाय, अन् एकतीस कोन ते बी. आपला हात वर झाला की तो कागद घेऊन मी त्या एकतिसातल्या एकेकाच्या दारात जानार हाय. दोघांना भेटलोय. तिसऱ्यानं सोमवारी बोलावलंय."

धोंडीरामांनी थोडा विचार केला आणि हात वर केला. मागच्या बायकांच्या रांगेतून भागुबाईंचा हात आधीच वर गेला होता. ग्रामसेवकाने मोजायला सुरुवात केली.